अण्णांचे गुलाब आणि दिराचा पंप

नाशिक जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून मजकूर तेवढा थोडक्यात देतो.

घरासमोर सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, हौसेने लावलेले अठरा गुलाब होते. अण्णा जाऊन तीन वर्षं झाली, आता अकरा उरलेत. श्रावणापासून पानांवर काळे ठिपके पडतायत, पानं पिवळी होऊन गळतायत. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली वाळत येतायत. फरशीच्या कडेच्या चार झाडांना नवी पालवी येते, पण ती शेवयांसारखी बारीक आणि पिळवटलेली. फाटकाजवळची दोन झाडं मात्र 'एकदम ठणठणीत', पुरुषभर उंच. फूल म्हणून नाही. ताईंनी आतापर्यंत चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, कांद्याच्या सालींचं पाणी, ताक, एप्सम सॉल्ट आणि युरिया एवढं करून पाहिलं. दिरांची द्राक्षबाग आहे. ते घरी आले की पंपात उरलेलं औषध गुलाबांवर मारून जातात. यजमानांचं म्हणणं, गुलाब काढू, पेव्हर ब्लॉक टाकू, गाडी सावलीत लागेल. ताई विचारतात : "कोणतं औषध मारू? अण्णांच्या हाताला गुण होता, तो माझ्या हाताला नाही. दिवाळीपर्यंत सुधारले नाहीत तर काढून टाकू का? काढले तर जिवाला लागेल, ठेवले तर रोज बघवत नाही."

ताई, नमस्कार.

औषधाचं नाव पुढे सांगतो. ते इतकं साधं आहे की तुम्ही म्हणाल, एवढंच? त्याआधी हाताच्या गुणाबद्दल बोलू, कारण सगळ्या पत्राचा भार तुम्ही त्यावर टाकलाय.

अण्णांच्या हाताला गुण असेलही. पण तुमच्याच पत्रात जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं आहेत. एक : 'आंबाही अण्णांचाच, गुलाब लावले तेव्हा तो गुडघ्याएवढा होता.' दुसरं : 'दोन वर्षांपूर्वी अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा वाफ्यात चांगली काळी माती भरून घेतली.' म्हणजे अण्णांच्या काळात ह्या वाफ्यावर दिवसभर ऊन होतं आणि पाणी वाहून जायला वाट होती. तुमच्या वाट्याला सावली आली आणि डबकं आलं. ह्या वाफ्यात आज अण्णांनाही घाम फुटला असता.

सासऱ्यांच्या झाडांचं ओझं वेगळं असतं, हे मला कळतं. एक झाड मेलं की 'सून आली आणि गेलं' असं कुणी बोलत नसलं तरी आपल्याला ऐकू येतं. पण गुलाब वडापिंपळासारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा नव्हे. शेतात गुलाब करणारे लोकही काही वर्षांनी बाग मोडतात आणि नवी लावतात. अठरातली सात गेली ह्यात तुमचा दोष किती आणि वयाचा किती, हे आता काढत बसण्यात अर्थ नाही. उरलेल्या अकरांकडे वळू.

आधी ती फाटकाजवळची दोन, ज्यांचा तुम्ही अभिमानाने उल्लेख केलाय. ताई, तुमच्या बागेत सगळ्यात आधी गेलेली झाडं बहुधा तीच आहेत.

नर्सरीतला गुलाब हा कलमी असतो. खाली जंगली गुलाबाचा खुंट, त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फांदी फुटायचा कोंब, भरलेला. दोघांचा सांधा जमिनीलगत एका गाठीसारखा दिसतो. वरचं झाड अशक्त झालं की खालचा खुंट संधी साधतो आणि सांध्याच्या खालून धुमारे सोडतो. हे धुमारे भारी जोमाचे असतात. मुळांनी आणलेलं सगळं तेच ओढतात आणि वर्ष-दीड वर्षात वरचा गुलाब उपाशी मरतो. आपण बघतो ती हिरवीगार काठी खुंटाची असते. फूल येत नाही, आलं तर हंगामात एकदा, बारीक, झुपक्याने.

मी स्वतः असा एक खुंट दोन वर्षं पोसलाय. शेणखत काय, निंबोळी पेंड काय, पाहुण्यांना दाखवून झालं, 'बघा कसा वाढलाय'. एक दिवस एक म्हातारे माळी घरी आले होते. त्यांनी काही न बोलता उकिडवं बसून बुंध्याशी बोटाने माती उकरली, आणि नखाएवढं वाळलेलं लाकूड दाखवलं. 'साहेब, गुलाब हा होता. वर आहे तो खुंट.' त्यानंतर महिनाभर मी त्या झाडाकडे बघितलं नाही.

खुंट ओळखायची एक खूण सगळीकडे सांगतात : एका पानाला पाच पर्णिका, म्हणजे छोटी पानं, असली तर गुलाब, सात असली तर जंगली. ह्या खुणेवर विसंबू नका. चांगल्या चांगल्या जातींना सात-सात पर्णिका असतात. खात्रीची खूण एकच, धुमारा निघतोय कुठून. हाताने माती बाजूला करा, सांध्याची गाठ शोधा. गाठीच्या वरून निघालेली जाड, लालसर, रसरशीत फांदी म्हणजे झाडाचं भाग्य, तिला हात लावू नका. गाठीखालून निघालेली असेल तर कात्रीने कापू नका. कापलं की चार नवी फुटतात. माती उकरून जिथून निघाली तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उपटून काढा.

बाकीच्या नऊ झाडांचे धुमारेही असेच तपासा. फाटकाजवळच्या दोघांचं काय करायचं, ते शेवटी सांगतो. ती काढायची घाई नको, त्यांचा उपयोग आहे.

आता शेवयांसारख्या पालवीचं. तुम्ही हा रोग समजलात. मला तो रोग वाटत नाही. फुलकिड्यांनी पान वाकडं होतं, कडा करपतात, कळी उमलत नाही. ते बघायचं तर कळीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, रेघेएवढे पिवळट-तपकिरी किडे पडून पळायला लागतील. पण पान दोऱ्याएवढं अरुंद होणं, एकाच ठिकाणी झुपका येणं, हे तणनाशकाचं लक्षण आहे. आणि तुम्हीच लिहिलंय की पेव्हर ब्लॉकच्या फटींतलं गवत भाऊजी त्यांच्या पंपाने मारतात, आणि त्याच पंपाने गुलाबांवर औषधही मारतात. फरशीच्या कडेचीच चार झाडं अशी झाली, हा योगायोग नव्हे.

भाऊजींना दोष देऊ नका, माया आहे म्हणून मारतात. पण ते द्राक्षवाले आहेत. शेजारच्या शेतात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं की वाऱ्याने येऊन द्राक्षाच्या पानाचं काय होतं, हे त्यांना मी सांगायला नको. गुलाबाचंही तेच होतं. तणनाशकाचा पंप पाण्याने दोनदा खळबळला तरी पुरेसा धुतला जात नाही. त्यात द्राक्षाच्या उरलेल्या औषधांचा काला. कुठलं बुरशीनाशक, कुठलं संजीवक, कशात काय मिसळलंय, प्रमाण काय, कुणालाच माहीत नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

ह्याच्यावर उतारा नाही. वेडीवाकडी पालवी काढून टाका, पाणी नीट द्या, आणि वाट बघा. काही तणनाशकांचा परिणाम पुढच्या फुटव्यातही दिसतो, तेव्हा एका बहराने हिंमत सोडू नका. छाटणीनंतरची पालवी रुंद आली तर झाड वाचलं.

आणि तुमचे घरगुती उपाय. सहा मोजले मी. प्रत्येकाला थोडंफार कारण आहे, पण तुमच्या वाफ्याला त्यांतलं बहुतेक नको होतं. नाशिककडच्या काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर असतो, अंड्याची टरफलं कशाला? एप्सम सॉल्टने मॅग्नेशियम मिळतं, पण कमतरता मॅग्नेशियमची असली तर. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता टाकला की मुंग्या आधी येतात, फायदा मागाहून. युरिया तर आजारी झाडाला द्यायचाच नसतो. मुळं कुजत असताना युरिया म्हणजे तापात पुरणपोळी. कोवळी, पाणीदार पालवी येते आणि तिच्यावर मावा बसतो. शिवाय सहा उपाय एकदम केले की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे झाडालाही सांगता येणार नाही.

म्हणून पहिले पंधरा दिवस काही टाकू नका, काही मारू नका. फक्त बघा.

एक रविवार घरी असाल असा निवडा. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता अंगणात चक्कर मारा आणि कुठल्या झाडावर थेट ऊन आहे ते कागदावर लिहा. गुलाबाला सहा तास ऊन लागतं. पाचात कसंबसं भागतं. तीन तासांत झाड जगतं, पण फुलत नाही, आणि तुम्ही त्याला औषधं मारत राहता. आंब्याच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढता येतील का तेही बघा, मोहोर यायच्या आत.

त्याच दिवशी वाफ्याच्या कडेला हातभर खोल खड्डा घ्या, बादलीभर पाणी ओता. ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसलं तर मुळं पाण्यात बसलीयेत. पेव्हर ब्लॉक बसवले की अंगणाचा उतार बदलतो आणि छपराचं, अंगणाचं सगळं पाणी वाफ्यात येतं. वाफ्याला मात्र बाहेर जायला वाट ठेवलेली नसते. बाहेरच्या अंगाने एक-दोन ब्लॉक काढून चर काढला, त्यात खडी भरली, की अर्धं दुखणं जाईल.

आणि ती 'चांगली काळी माती'. ऊस-कपाशीला चांगली, वाफ्यात चार बोटं वर चढवली की गुलाबाचा सांधा गाडला जातो. बर्फ पडतो त्या देशांत गुलाबाचा सांधा थंडीपासून वाचवायला मुद्दाम मातीखाली ठेवतात. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडेही लोक तसं करायला लागलेत. आपल्याकडे सांधा दोन बोटं वर, उघड्यावर हवा. माती मागे ओढा, गाठ मोकळी दिसू द्या. काढलेल्या मातीच्या जागी भसभशीत पोयटा आणि चांगलं कुजलेलं शेणखत.

कुजलेलं म्हणताना एक पाहा. शेणखत हातात घेतलं की त्याला मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी येते : इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी जाड अळी, तपकिरी डोक्याची. ती मुळं खाते, झाड दुपारी मान टाकतं आणि आपण अजून पाणी घालतो. माती उकरताना सापडली तर वेचून काढा. पाच-सहा सापडल्या तर कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणारी बुरशी, आणून खतात मिसळा.

पाण्याचीही सवय बदलावी लागेल. तुम्ही संध्याकाळी नळीने झाडं 'धुऊन काढता'. दिसायला छान, पण काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं मिळालं की ती रुजते. पावसाळ्यात तिला हे आयतं मिळतं. बाकीच्या महिन्यांत तुम्ही रोज रात्री देताय. पाणी सकाळी, बुंध्याशी, आणि रोज नाही. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर नळी गुंडाळून ठेवा.

काळ्या ठिपक्यांची फार धास्ती घेऊ नका. भाद्रपदातला गुलाब महाराष्ट्रात सगळीकडे थोडाफार असाच दिसतो, पाऊस परतला की आपोआप सावरतो. गळलेली पानं मात्र रोज वेचा, कंपोस्टात टाकू नका. नव्या पानांचा रंग वेगळा बघा : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर तो ठिपक्यांचा रोग नव्हे, लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या पाण्यावर हे नेहमीचंच. हिराकस लिटरला दोन ग्रॅम आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, सकाळच्या वेळी पानांवर फवारा. जमिनीत टाकलेलं लोह तुमच्या मातीत अडकून पडतं.

खरी काळजी आहे ती शेंड्याकडून वाळत येण्याची, त्याला फांदीमर म्हणा. ती थांबली नाही तर बुंध्यापर्यंत जाते. तिच्यासाठी छाटणी लागते, आणि छाटणीची वेळ तुम्हाला कुणी शिकवायला नको. तुमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होते ना, परतीचा पाऊस थांबल्यावर, तेव्हाच गुलाबाचीही.

अण्णा छाटणीआधी मुळं उघडी टाकून आठ दिवस ताण द्यायचे असं तुम्ही लिहिलंय, आणि गेल्या वर्षी तुम्हीही तसंच केलंत. जुन्या माळ्यांची ही रीत आहे, धडधाकट झाडाला चालून जाते. आजारी झाडाची मुळं उघडी टाकू नका. अण्णांची सगळीच रीत पाळली पाहिजे असं नाही.

कात्रीला धार करून घ्या. बोथट कात्री फांदी कापत नाही, चेमटते, आणि चेमटलेल्या जागेतूनच मर शिरते. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आधी नखाने साल किंचित खरवडा : आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर गेली. गेलेली फांदी कापायची ती काळ्या-हिरव्याच्या सीमेवर नाही, आणखी दोन बोटं खाली. कापल्यावर तोंडाकडे बघा. मधला गाभा पांढरट, दुधी रंगाचा असला पाहिजे. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. तोही तपकिरी? अजून खाली. इथे मन घट्ट करावं लागतं. 'एवढी तरी राहू दे' म्हणून ठेवलेली वीतभर फांदी अख्खं झाड घेऊन जाते. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. डोळ्याच्या वर लांब खुंटी ठेवली की ती वाळते आणि मर पुन्हा तिथूनच उतरते. तुमच्याकडे फांद्या वाळतायत त्यातल्या निम्म्या बहुधा गेल्या वर्षीच्या अशा लांब खुंट्यांवरूनच.

मेलेलं सगळं काढून झालं की थांबा. जिवंत फांद्या ह्या वर्षी खोल छाटू नका. अशक्त झाडाचं अन्न फांद्यांत आणि पानांत असतं. सशक्त झाडाला निम्म्यावर आणतात तसं ह्यांना आणलं तर सावरणार कशावर?

आणि आता ते औषध. मोरचूद आणि चुना. भाऊजी हसतील, कारण ह्या दोघांचं मिश्रण म्हणजे बोर्डो, आणि तो त्यांच्या घरचाच आहे. पंचवीस ग्रॅम मोरचूद पाव लिटरमधल्या निम्म्या पाण्यात, पंचवीस ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या निम्म्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवायचं आणि मग तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतायचं. लोखंडी-पत्र्याचं भांडं नको. चुना पाण्यात उकळतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा, हातमोजे घाला. झालेल्या मलमात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा अजून घाला. आभाळी निळ्या रंगाचं हे मलम जुन्या ब्रशने प्रत्येक कापावर त्याच दिवशी लावायचं. बनवलेलं त्याच दिवशी संपवा, उरलं तर ठेवून उपयोग नाही.

नवी पालवी फुटली आणि तिच्यावर पुन्हा काळे ठिपके दिसले, तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. पानाच्या खालूनही. डिसेंबर-जानेवारीत पानांवर पिठासारखी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, उन्हाआधी. ह्या दोन पुड्यांपलीकडे घरच्या अकरा गुलाबांना सहसा काही लागत नाही. खत छाटणीनंतर पंधरा दिवसांनी, पालवी बोटभर झाल्यावर : झाडाला एक घमेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. त्याआधी नाही.

तुमच्या मुदतीबद्दल. दिवाळीपर्यंत सुधारले नाहीत तर काढायचे, म्हणता. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब दिवाळीत म्हणजे नुसत्या काठ्या, त्यांच्यावर लाल-लाल टिंब. त्या दिवसांत निकाल लावला तर निरोगी झाडही नापास होईल. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड-दोन महिने जातात. मुदत संक्रांतीची द्या. संक्रांतीला ज्या झाडावर एकही नवी फांदी नसेल ते काढा, आणि काढताना अपराधी वाटून घेऊ नका. त्याच खड्ड्यात लगेच दुसरा गुलाब मात्र लावू नका. जुन्या गुलाबाच्या मातीत नवा गुलाब धरत नाही. लावायचाच तर दीड फूट लांब-रुंद-खोल माती बदलून.

यजमानांच्या गाडीचंही बोलू. ते सगळे चुकीचे नाहीत. तुमच्या उन्हाच्या कागदावर आंब्याखालच्या ज्या जागांना तीन तासांहून कमी ऊन आलं, त्या जागा गुलाबाच्या नव्हेतच. तिथली दोन-तीन झाडं गेली तर ती पट्टी गाडीला देऊन टाका, गाडीला सावलीच हवी आहे. बदल्यात उन्हाच्या बाजूचा वाफा कायमचा तुमचा, आणि तिथे चर काढायला एक दिवस यजमानांनी कुदळ धरायची. हे घरात कसं बोलायचं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आंब्याखालची झाडं उपटून उन्हात हलवायचा विचार मनात आला असेल. पंधरा वर्षांचं आजारी झाड हलवणं मला पटत नाही. त्याचे डोळे घ्या.

म्हणून आता फाटकाजवळचे ते दोन तोतये.

अण्णांनी झाडांना पत्र्याच्या पट्ट्यांवर नावं लिहून लावली होती, त्यातली दोन वाचता येतात म्हणता : 'ग्लॅडिएटर' आणि 'पीस'. ग्लॅडिएटर हा आपल्याकडच्या बागांचा जुना मानकरी, लांब दांड्याचा लाल. पीस फिकट पिवळा, कडेला गुलाबी. फ्रान्सच्या मेयाँ घराण्याने काढलेला. त्याचं हे नाव 29 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेत जाहीर झालं, युरोपातलं युद्ध संपायला जेमतेम नऊ दिवस उरले असताना. दिसायला देखणा, पण काळ्या ठिपक्यांना हळवा. तो ह्या वर्षी सगळ्यात केविलवाणा दिसत असेल तर नवल नाही.

तुमचे खुंट जोमदार आहेत, मुळं खोल गेलेली आहेत, फाटकाजवळ ऊन आहे. कलम करणाऱ्याला याहून चांगलं काय हवं? दोन्ही खुंटांच्या चार-पाच बोटांएवढ्या अंतरावरच्या दोन-दोन सरळ, पेन्सिलीएवढ्या जाड काठ्या ठेवा, बाकी जाड जंगल काढून टाका. थंडीत सालीत रस असताना काठीच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात, साल अलगद सोडवतात, आत ग्लॅडिएटरचा डोळा सरकवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात, डोळा तेवढा उघडा. तीन-चार आठवड्यांनी डोळा हिरवा राहिला तर भरला. मग त्याच्या वरची काठी कापायची. डोळे भरणाऱ्या सरावाच्या माणसाला एका काठीला पाच मिनिटं लागत नाहीत. तुम्हालाही जमेल, पण पहिल्या वर्षी त्याच्याकडून करून घ्या आणि शेजारी बसून बघा.

डोळा मात्र ऑक्टोबरच्या छाटलेल्या फांद्यांचा चालणार नाही. छाटणीनंतर जी पहिली निरोगी फांदी फुलेल, तिचं फूल कोमेजल्यावर मधल्या भागातले फुगलेले, न उमललेले डोळे घ्यायचे. म्हणजे डिसेंबर उजाडेल. जवळच्या नर्सरीतल्या माळ्याला आत्ताच सांगून ठेवा, त्या दिवसांत ते लोक हाताला लागत नाहीत. आणि बाजारातून दोन लिटरचा एक हातपंप आणा, त्यावर खिळ्याने 'गुलाब' असं कोरा, आणि भाऊजी आले की तो लपवून ठेवा.